लाईट जाऊन आली की माशांच्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर हवा धरतो आणि पाणी टाकेना होतो: कारण आणि उपाय

लाईट आली, पंखा फिरायला लागला, टाकीवरचा दिवा पण लागला, आणि खाली कपाटात फिल्टर नुसता घर्रर्र करायलाय, स्प्रे बारमधून, म्हणजे टाकीत पाणी परत सोडणाऱ्या भोकांच्या नळीतून, पाण्याचा थेंब नाही. कॅनिस्टर, म्हणजे टाकीच्या खाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हा आवाज ऐकला असेल. माझ्याकडं हे दीड वर्ष चाललं. दर वेळी फिल्टर उघडायचा, काहीतरी साफ करायचं, परत बसवायचा, तो चालायचा आणि मला वाटायचं झालं एकदाचं, की परत पुढच्या वेळी लाईट गेली की तेच. आमच्याकडं बेळगावात अनगोळला एप्रिल-मे मधी वळीव आला की लाईट जाणार हे धरूनच चालायचं आणि पावसाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळं तो फिल्टर मी किती वेळा उघडला असेल याचा हिशोबच नाही. शेवटी कारण सापडलं ते फिल्टरच्या डब्यात नव्हतंच, वर काचेच्या कडेवर होतं. कुणाचे तरी चार रविवार वाचतील म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मापानं १९० लिटर होते पण माती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी १६० च्या आसपास. ४ एंजल मासे, ७ कोरी मासे आणि जिवंत झाडं. फिल्टरच्या खोक्यावर तासाला १००० लिटर लिहिलंय. तो आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत मीडिया (पाणी गाळणारे स्पंज, सिरॅमिक रिंग, वूल) भरला, नळी जोडली, पाणी वर चढवायला लागलं की तेवढं कधीच येत नाही. खरं किती येतंय ते मोजायचं असेल तर आउटलेटची, म्हणजे पाणी टाकीत परत नेणारी नळी बादलीत धरायची आणि ५ लिटर भरायला किती सेकंद लागले ते बघायचं. माझ्याकडं सगळं स्वच्छ असताना ३० सेकंद लागतात, म्हणजे तासाला ६००. हा आकडा नवीन फिल्टर बसवल्या बसवल्या मोजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, पुढं प्रत्येक वेळी उपयोगी पडतो. पाणी कमी झालंय असं नुसत्या डोळ्यांना वाटणं लई फसवं असतं.

आता आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मला हीच उशिरा समजली. कॅनिस्टरचा पंप पाणी खेचून वर आणणारा पंप नाही, आपला विहिरीचा किंवा बोअरचा मोटर पंप असतो तसा नाही. पाणी टाकीतून खाली डब्यात उतरतं ते सायफननं, स्वतःच्या वजनानं, आणि पंप फक्त ते फिरवत ठेवतो. डब्याच्या डोक्यात एक छोटा इंपेलर असतो, चुंबकाला पाती लावलेली, तो पाण्यात बुडलेला असला तरच पाणी ढकलतो. त्याच्याभोवती हवा जमली की पाती हवेतच फिरतात, घर्रर्र आवाज येतो आणि पाणी जागचं हलत नाही. म्हणून प्रश्न एकच उरतो, ही हवा येते कुठनं?

मी सगळ्यात आधी संशय घेतला तो झाकणाच्या ओ-रिंगचा, म्हणजे झाकणातून पाणी गळू नये म्हणून बसवलेल्या गोल रबरी रिंगचा. रिंग काळी, चपटी झालेली, एका बाजूला नखानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. कंपनीची रिंग मागवायला वेळ लागत होता म्हणून ती खिशात घालून उद्यमबागच्या कारखान्यांच्या भागात गेलो. तिथं हायड्रॉलिकची इतकी कामं चालतात की सील आणि ओ-रिंग विकणारी दुकानं आहेतच. काउंटरवरच्या काकांनी रिंग बघितली, व्हर्नियर काढला, जाडी मोजली, मग रिंग एका मापाच्या शंकूवर चढवून आतला व्यास बघितला आणि विचारलं, "तेलाला पाहिजे का पाण्याला?" पाण्याला म्हटलं. "किती प्रेशर?" मी म्हटलं, "माशांच्या टाकीचा फिल्टर आहे ओ काका, प्रेशर कसलं." त्यांनी नायट्रिल रबरची काळी रिंग काढून दिली, म्हणाले, "ही बसंल. पण ग्रीस सिलिकॉनचंच लावा, गाडीचं लावू नका." हा सल्ला सोन्यासारखा आहे. गाडीचं ग्रीस माशांजवळ न्यायचंच नाही, आणि व्हॅसलिन काही जातीच्या रबराला फुगवतं, तेव्हा काळ्या रिंगला सिलिकॉन ग्रीसच, ते पण बोटाला लागेल इतकंच. फक्त रिंगच सिलिकॉन रबरची असेल, काही कंपन्या तशी देतात, तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते, तिला नुसतं पाण्यानं ओलं करून बसवा. बसवायच्या आधी खाचेतली वाळू, झाडाचा तुकडा, केस असलं काही राहिलं नाही ना ते बघा, एका केसानं पण थेंब थेंब पाणी येतं.

नवीन रिंग छान बसली. पुढच्या आठवड्यात लाईट गेली, आली, परत घर्रर्र.

मग इंपेलर. काढला तर पाती चांगली, सिरॅमिकचा दांडा पण शाबूत, नुसता चिकट तपकिरी थर होता तो जुन्या टूथब्रशनं काढला. ज्यांच्याकडं बोअरचं पाणी आहे त्यांना इथं पांढरा खर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर, सापडेल, तो दांड्यावर आणि इंपेलरच्या भोकात बसतो आणि इंपेलर अडकतो. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवला की सुटतो, मग साध्या पाण्यानं धुवायचा. निपाणीच्या एका दोस्ताकडं तर इंपेलरच्या खोलीत गोगलगाय निघाली होती, वाटाण्याएवढी, तेवढ्यानं अख्खा फिल्टर बंद. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. तरी म्हटलं जाऊ दे, नवीन इंपेलर मागवला, ते पैसे खरं तर वाया गेले, जुना अजून ड्रॉवरमध्ये पडलाय आणि एकदम चांगला आहे.

सुटका झाली ती एका रात्री. जेवण झालं होतं, लाईट गेली, आणि मी सहज मोबाईलचा टॉर्च टाकीच्या मागच्या बाजूला मारला. इनटेकचा, म्हणजे पाणी फिल्टरकडं नेणारा पाईप टाकीतून वर येतो, काचेवरनं यू आकारात वळतो आणि बाहेर नळीला जोडतो ना, तिथं. नळी अर्धपारदर्शक आहे. तिच्यात अगदी वर, वळणापाशी, मला हवेचा एक बुडबुडा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. बघत उभा राहिलो. पाच मिनिटांनी तो शेंगदाण्याएवढा झाला. वीस मिनिटांनी वळणात पाणीच नव्हतं, दोन्ही बाजूचं पाणी टाकीच्या पातळीपर्यंत खाली उतरलं होतं आणि मधी नुसती हवा. सायफन तुटला होता माझ्या डोळ्यांसमोर. तासाभरानं लाईट आली, फिल्टर आठ-दहा सेकंद व्यवस्थित चालला, स्प्रे बारमधून पाणी पण आलं, आणि मग ती वरची सगळी हवा खाली डब्यात गेली, डोक्यात जमली आणि घर्रर्र सुरू झालं.

आई दारात उभी होती, म्हणाली, "नळी गळायल्या का बघ की." मी म्हटलं, "गळत नाही आई, खाली फरशी कोरडी आहे." आणि तिथंच माझं चुकत होतं.

टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या खाली जे काही आहे, म्हणजे डबा, झाकण, खालची नळी, व्हॉल्व्ह, तिथं फट असेल तर पाणी बाहेर येतं आणि फरशी ओली होते. पण पातळीच्या वर इनटेकचा जो भाग आहे, त्या वळणात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथं फट असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. एक थेंब दिसत नाही, कपडा लावला तर कोरडा निघतो. फिल्टर चालू असताना ही हवा बारीक बारीक बुडबुड्यांत पाण्याबरोबर वाहून जाते आणि आउटलेटमधून धुक्यासारखी बाहेर येते. मला ते बुडबुडे रोज दिसायचे आणि मी समजायचो की झाडांना ऑक्सिजन मिळायलाय, चांगलंच आहे. लाईट गेली की वाहून न्यायला प्रवाह नसतो, म्हणून तीच हवा वळणात साठत जाते. पाच मिनिटं लाईट गेली तर काही होत नाही, अर्धा तास गेली की हमखास होतं. हे "कधी होतं कधी होत नाही" असं का, त्याचं उत्तर हेच.

फट नेमकी कुठं आहे ते शोधायची माझी पद्धत सांगतो, पैसे लागत नाहीत. फिल्टर चालू ठेवा. एक वाटी टाकीचंच पाणी आणि एक चमचा घ्या. वरच्या एकेका जॉइंटवर चमच्यानं सावकाश पाणी सोडत राहा, अर्धा मिनिट तरी, आणि दुसऱ्या कुणाला तरी आउटलेटच्या बुडबुड्यांवर नजर ठेवायला सांगा. ज्या जॉइंटवर पाणी पडताना बुडबुडे बंद होतात, फट तिथंच, कारण तेवढा वेळ हवेच्या जागी पाणी आत जात असतं. खाली प्लग-बोर्ड असेल तर आधी तो लांब करा आणि जॉइंटखाली फडकं धरा. साबणाचं पाणी अजिबात वापरू नका, गॅसच्या सिलिंडरला लावतात तसं, इथं ते आत ओढलं जाणार आणि माशांच्या कल्ल्यांना साबण सोसत नाही.

माझ्याकडं फट निघाली यू पाईपला जिथं नळी चढवलीय तिथं. १६/२२ ची नळी, म्हणजे आतून १६ एमएम आणि बाहेरून २२. तीन वर्षांत नळीचं ते टोक कडक होऊन पुठ्ठ्यासारखं झालं होतं, आणि नळी खाली जाताना एका बाजूला ओढली जात असल्यामुळं भोक गोल राहिलं नव्हतं, अंडाकृती झालं होतं. नट आवळलेला होता, वरून बघून काहीच कळत नव्हतं. काढून उजेडात वाकवली तेव्हा आतल्या बाजूला केसासारखी चीर दिसली, पाव इंच लांब.

उपाय साधा. खालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, नळी काढली, टोकाचा दोन इंच भाग धारदार ब्लेडनं सरळ कापून टाकला. तिरका काप गेला तर परत तीच फट, म्हणून घाई करू नका. मग टोक कढत पाण्यात मिनिटभर धरलं, मऊ झालं की यू पाईपवर शेवटपर्यंत दाबत नेलं, अर्ध्यावर थांबायचं नाही. हे थंडीत करायचं असेल तर गरम पाण्याशिवाय जमतच नाही, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळी लाकडासारखी होते. कंपनीचा नट बसवला. हार्डवेअरमधला स्टीलचा क्लिप पण चालतो पण तो बेतानं आवळा, आतलं प्लास्टिक तडकलं तर सगळा पाईपच बदलायला लागतो. आणि मुख्य म्हणजे नळीचं वजन जॉइंटवर येऊ नये म्हणून कपाटाच्या मागं एक हूक मारून नळी त्यात अडकवली. तुमची नळी कापून आखूड पडत असेल किंवा सगळीच कडक झाली असेल तर नवीन घ्या, नळी काही लई महाग नसते.

त्याच वेळी इनटेकची जाळी पण काढून बघा. जाळी झाडाच्या पानांनी तुंबली की वळणातला दाब अजून कमी होतो आणि ज्या फटीतनं एरवी हवा जाणार नाही तिथनं पण जायला लागते. जाळीच्या शेजारी एअर स्टोन (एअर पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर लांब सरकवा, त्याचे बुडबुडे सरळ आत ओढले जातात. आणि उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली येते त्यावर लक्ष ठेवा.

सगळ्यांचं कारण माझ्यासारखंच असेल असं नाही, म्हणून लक्षणं सांगतो. लाईट आल्यावर फिल्टर आधी थोडा चालतो आणि मग घर्रर्र करतो, तर हवा वरनं येतेय, वरचे जॉइंट बघा. आल्या आल्या नुसता हम्म् असा बारीक आवाज आणि हालचालच नाही, तर इंपेलर अडकलाय, खर किंवा गोगलगाय बघा, नाहीतर व्होल्टेज कमी आहे. संध्याकाळी दिवे मिणमिणत असतील तर तेच कारण असू शकतं, घाण साचलेला इंपेलर पूर्ण व्होल्टेजवर कसाबसा सुटतो आणि कमी व्होल्टेजवर सुटत नाही. फक्त साफसफाई केल्यावर एक-दोन दिवस मधूनमधून गुडगुडतो, तर स्पंजमध्ये अडकलेली हवा बाहेर पडायला लागलीय, त्याची काळजी करू नका, डबा हळूच तिरका करून हलवा. बुडबुडे नाहीत, आवाज नाही, पण धार आठवड्या-आठवड्याला बारीक होत चाललीय, तर मीडिया तुंबलाय. माझ्याकडं ५ लिटरला ७५ सेकंद लागायला लागले की मी उघडतो.

इन्व्हर्टरवर चालवत असाल तर साईन वेव्हचा पाहिजे. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर हे पंप घुरघुरतात आणि गरम होतात.

हवा धरलेला फिल्टर परत चालू कसा करायचा ते बघा. वायर काढा आधी. डबा टाकीच्या पातळीच्या खाली आहे ना बघा, हे सांगायला लागू नये पण मी लोकांनी टाकीच्या शेजारी टेबलावर ठेवलेला बघितलाय. आउटलेटचं टोक पाण्याच्या बाहेर काढा म्हणजे हवेला जायला वाट मिळेल. इनटेक पाण्यात बुडलेला असू दे, आणि वळणात हवा असेल तर बऱ्याच फिल्टरना वर प्रायमिंगचं बटण असतं ते दाबा. नसेल तर आउटलेटच्या टोकाला एक स्वच्छ नळी लावून तोंडानं ओढलं तरी सायफन सुरू होतो, पाणी तोंडात जाऊ देऊ नका. डब्यात पाणी पडायचा आवाज येईल, तो थांबेपर्यंत थांबा. मग डबा चारी बाजूला थोडा थोडा तिरका करा, आउटलेटमधून बुडबुडे निघतील ते संपू द्या, आणि मगच प्लग लावा. तरी घर्रर्र केलं तर दहा सेकंद बंद, परत चालू, असं तीन-चार वेळा. साफ करून बसवताना डबा आधीच टाकीच्या पाण्यानं काठोकाठ भरून झाकण लावलं तर यातलं बरंच काम वाचतं.

आता एक गोष्ट, जी माशांच्या जिवाची आहे. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, त्यांना सतत ऑक्सिजनचं पाणी लागतं. फिल्टर थांबला की बंद डब्यातला ऑक्सिजन ते थोड्या तासांत संपवतात, मग मरायला लागतात आणि आत सडायला सुरू होतं. खानापूर तालुक्यात माझा आत्तेभाऊ राहतो, जंगलाच्या कडेला, तिथं पावसात फांदी तारेवर पडली की रात्रभर लाईट नाही. त्याच्याकडं एकदा चौदा तासांनी लाईट आली आणि फिल्टर आपोआप सुरू झाला, डब्यातलं काळं पाणी सगळं टाकीत गेलं. त्या संध्याकाळपर्यंत त्याचे बहुतेक मासे गेले. त्याचा फोन आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. म्हणून मी नियम केलाय, दोन तासांपर्यंत लाईट गेली तर काही करत नाही. त्याच्या वर जायला लागली की फिल्टरचा प्लग काढून ठेवतो, म्हणजे मी झोपेत असताना तो सुरू होणार नाही. चार-पाच तासांच्या वर गेली तर डबा उघडतो, सिरॅमिक रिंग जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडतो आणि बॅटरीवरच्या एअर पंपाचा स्टोन तिच्याखाली ठेवतो, त्यानं मासे पण जगतात आणि जिवाणू पण. लाईट आल्यावर डब्यातलं जुनं पाणी फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मगच जोडायचं. उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तर त्यातला थेंब टाकीत जाऊ देऊ नका.

मीडिया भरायचा क्रम बहुतेक डब्यांत पाणी खालून वर चढतं त्या हिशोबानं: खाली जाड स्पंज, मधी सिरॅमिक रिंग, सगळ्यात वर पांढरं वूल. तुमच्या फिल्टरमध्ये पाणी वरून खाली जात असेल तर उलटं. वूल धुवत बसू नका, फेकून नवीन घाला, तेच सगळ्यात आधी तुंबतं. रिंग मात्र नळाच्या पाण्यानं कधीच धुवायच्या नाहीत, शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी क्लोरीन घालून येतं, त्यानं जिवाणू मरतात. पाणी बदलताना बादलीत टाकीचं जे पाणी काढता त्यातच दोन-तीनदा हलवून काढा, चकाचक करायची गरज नाही. स्पंज आणि रिंग एकाच दिवशी साफ करू नका, दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

टाकीत हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे. वायर प्लगच्या खाली एक झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळावरून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून बसवून घ्या.

नळी कापून बसवल्याला आता अकरा महिने झाले, मधी एक अख्खा पावसाळा गेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फिल्टर मुद्दाम अर्धा तास बंद ठेवतो आणि टॉर्च मारून त्या वळणात बघतो. मागच्या रविवारी बघितलं, वरपर्यंत पाणी होतं, बुडबुडा नव्हता. प्लग लावला आणि दोन सेकंदात धार सुरू झाली.